मारबतीसोबत गेलेले तेलाचे चार पिपे

नाव हेमराज, बापाचे नाव शालिकराम, आडनाव नागपुरे. वय तेवीस वर्षे. शिक्षण नववी, ती पण सहामाहीपर्यंत. धंदा: आधी मी पाच लिहिले होते, मुन्शीजींनी, म्हणजे चौकीच्या लेखनिकांनी, चार कापायला लावले, म्हणून मजुरी. कायमचे घर रामपायली. सध्याचा मुक्काम कोसमटोला, आत्या कमलाबाई हिच्या घरी, जिल्हा बालाघाट. जबाबाची जागा कोसमटोला पोलीस चौकी. तारीख २५ ऑगस्ट २०२५, सोमवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे.

मी स्वतःच्या पायाने चौकीत आलो, मला कोणी धरून आणले नाही, आणि समोर बसून लिहून देतो की, दि. २३ ऑगस्टला शनिवारी सकाळी राजेंद्रसेठच्या किराणा दुकानासमोर जे झाले तेव्हा मी तिथे हजर होतो आणि सगळ्यात पुढे होतो. चौकीत जबाब हिंदीत लिहितात. पण ही सगळी भानगड एका मराठी शब्दाची आहे, म्हणून मुन्शी प्रेमलालजींना म्हटले, मला माझ्या हाताने मराठीत लिहू द्या. मुन्शीजी मुलताईकडचे, त्यांना मराठी समजते. ते म्हणाले, "लिही. पण जेवढं विचारलं तेवढंच लिही."

मी कोसमटोल्याला राखीच्या दोन दिवस आधी आलो. त्याआधी उकवा ते बैहर चालणाऱ्या एका बसवर क्लीनर होतो. ती नोकरी का सुटली ते या प्रकरणात येत नाही, तरी थोडक्यात सांगतो. घाटात बसच्या टपावर एका प्रवाशाची फणसाची पोती होती, आणि एक माकड. मुन्शीजी म्हणाले, पुढे चल. पुढे असे की मला आत्याने राखीला बोलावले होते आणि मी पोळ्यापर्यंत थांबलो. एका गावात मी इतके दिवस थांबत नाही. जेवण चांगले होते.

राजेंद्रसेठ सतन्याकडचे, हिंदी मुलखातले आहेत. मागच्या दिवाळीनंतर त्यांनी इथले दुकान विकत घेतले. दुकानामागेच घर. घरात ते, त्यांची बायको रीनाभाभी आणि तीन वर्षांची मुलगी. दुकानात कामाला गावातला वसंता. गावात खुले तेल विकणारे दुकान हे एकच. नाहीतर कटंगीला जावे लागते, आणि मध्ये नाला आहे. नाल्यावर रपटा आहे, म्हणजे बुटका पूल, पावसात त्याच्यावरून पाणी जाते आणि बस बंद होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात असेच पाणी आले. सेठनी तेलाचा भाव लीटरमागे वीस रुपयांनी चढवला. म्हणाले, माल येत नाही. तीन दिवसांनी पाणी उतरले, मालाची गाडी आली. पिपे उतरवायला मी स्वतः हात लावला, चाळीस होते. भाव तसाच राहिला. मग पोळा जवळ आला म्हणून आणखी दहा चढले. पोळ्याला घरोघर वडे आणि पुऱ्या तळतात, त्या दिवशी तेल सगळ्यांनाच लागते.

दि. ११ ऑगस्टला सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मी दुकानात विडी घ्यायला गेलतो. तिथे विमलाबाई बांते उभी होती. ती शाळेत पोरांचे दुपारचे जेवण शिजवणाऱ्या महिला समूहाची अध्यक्ष आहे. वय पंचावन्नच्या आसपास, नवरा नाही. आत्याच्या घराला लागून तिचे घर आहे, मी तिला काकी म्हणतो. ती सेठना हिंदीत म्हणाली, "सेठजी, पानी तो उतर गया. भाव कब उतरेगा?" सेठ वहीतून मान न उचलता म्हणाले, "लेना हो तो लो बाई, नहीं तो मत लो." विमलाबाईने रिकामी बाटली पिशवीत परत टाकली. म्हणाली, "ठीक है. नहीं लेंगे." बस. भांडण नाही, शिवी नाही. हे मी ऐकले आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बाया जमल्या. नंतर बाप्ये पण आले. ठरले ते असे की भाव पहिल्या जागी येईपर्यंत सेठकडून तेल घ्यायचे नाही. दुसरे सामान घ्यायचे, तेल नाही. पौर्णिमा म्हणून एक नवी सून आहे, तिने विचारले, "म्हणजे एक पाव बी नाही?"

"पाव नाही, छटाक नाही," विमलाबाई म्हणाली. "दिव्याले बी नाही."

भैयालालबुढा तिथे बसला होता. त्याच्याकडे गावातली सगळ्यात मोठी बैलजोडी आहे. तो म्हणाला, "पोळ्याले वडे नाही होणार तं बैलायले काय सांगू मी? तेल महाग झालं म्हणून सांगू?"

"सांगा. बैल तुमच्यापेक्षा समजदार आहेत, भाऊजी," विमलाबाई म्हणाली.

सगळे हसले, भैयालालबुढा पण हसला, आणि तेलबंदी लागू झाली. घरोघर निरोप द्यायचे काम माझ्याकडे आले, कारण मला दुसरे काम नव्हते. एकशे दहा घरे. त्यातल्या निम्म्या घरांत मला चहा मिळाला.

शाळेच्या जेवणाला फोडणी लागतेच. ते तेल विमलाबाई कटंगीहून बसने आणत होती, पाच लीटरची कॅन मांडीवर ठेवून. त्यातले एक चमचा तेल तिने घरी नेले नाही. हे यासाठी लिहितो की सेठच्या तक्रारीत ती स्वतःसाठी तेल लुटायला आली होती असे आहे. जी बाई शाळेच्या कॅनमधले तेल घरी नेत नाही ती पिपा कशाला नेईल. मुन्शीजी म्हणाले, हा तुझा अंदाज झाला, जबाबात बघितलेलं लिही. बघितलेले असे की पोळ्याच्या दिवशी तिच्या घरी मी जेवलो. पळसाच्या पानात भाजलेले पानगे होते, आणि वरण. तळलेले काहीच नव्हते.

पोळ्याच्या दिवशी म्हणजे २२ तारखेला दुपारी एक गोष्ट झाली. आमच्या आत्याच्या घरातून तळणाचा वास यायला लागला. पाच मिनिटांत दारात आठ बाया. "कमला, काय तळून राह्यली वं?" आत्या म्हणाली, टोरीचे तेल आहे. टोरी म्हणजे मोहाची बी, तिचे तेल तिने जंगलाकडच्या एका बाईकडून आणले होते. कोणाचा विश्वास बसेना. विमलाबाईने कढईतला एक वडा उचलला, चावला, तोंड कडू केले आणि म्हणाली, "टोरीचंच आहे. खाऊ द्या बिचारीले, शिक्षा झालीच आहे." मी ते वडे चौदा खाल्ले. रात्रभर त्रास झाला, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी माझा आवाज जरा घोगरा होता, हे पुढे कामाचे आहे. तक्रारीत जाड्या आवाजाची बाई असे लिहिले आहे.

आता मारबत काय ते लिहितो, कारण सेठना माहीत नव्हते आणि तक्रार लिहून घेणाऱ्या साहेबांनी सेठ बोलले तसेच लिहिले, त्यात त्यांची चूक नाही. पोळ्याच्या संध्याकाळी आम्ही दारात पळसाची फांदी लावतो. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या फांद्या उपटायच्या, पळसाच्या डहाळ्यांची आणि चिंध्यांची एक बाई बनवायची, ती मारबत. तिला गल्लीगल्लीतून फिरवून शिवेबाहेर नेऊन टाकायचे. लोक घरातली फुटकी टोपली, झिजलेला झाडू, जे काही नको ते तिच्यासोबत देतात. एक जण पुढे रोगराईची नावे घेतो आणि मागचे सगळे म्हणतात, "घेऊन जाय गे मारबत!" म्हणजे बाई, हे सगळे तू तुझ्यासोबत घेऊन जा. आमच्या रामपायलीकडे तिला नारबोद म्हणतात. इथल्या लोकांनी पण नारबोद म्हटले असते तर आज कोणी चौकीत बसले नसते.

एक नियम आहे. मारबतीसोबत जे शिवेबाहेर गेले ते परत गावात आणायचे नाही. आणले तर सगळी पिडा त्याच्यासोबत परत येते. हे आमच्याकडे शेंबडे पोर पण सांगेल.

आणखी एक नियम आहे, तो पुढे लिहितो.

सेठचा कोसमटोल्यातला हा पहिला पोळा. वसंताने सांगितले असते, पण तो सणासाठी दोन दिवस सुट्टीवर घरी होता. पोळ्याच्या संध्याकाळी सेठच्या दाराला फांदी नव्हती. भैयालालबुढा म्हणाला, "अरे, त्या परदेशी माणसाले कोणी सांगा, उद्या सकाळी मारबत येईन, घाबरू नको म्हणा." तेव्हा ओट्यावर पंधरा-वीस लोक होते. कोणी उठले नाही. तेल घ्यायचे नाही एवढेच ठरले होते, बोलायचे नाही असे कोणी ठरवले नव्हते. पण दहा-बारा दिवसांत तसे होऊन गेले होते. लोक मीठ-साबण घ्यायला जायचे, बोटाने दाखवायचे, पैसे ठेवायचे, निघायचे. सेठची मुलगी दुकानाच्या पायरीवर एकटी खेळायची. मी ओट्यावरच होतो आणि माझे पाय चांगले आहेत. मी पण गेलो नाही.

शनिवारी पहाटे पाचला आम्ही निघालो. दरवर्षी नावे घेणारा भैयालालबुढा, पण त्याचा दम आता पुरत नाही. तो म्हणाला, "या फिरस्त्याले पुढं करा, याचा गळा मोठा आहे." मला आनंद झाला. मी जत्रेत आकाशपाळण्यावर होतो तेव्हा भोंग्याशिवाय गिऱ्हाईक बोलवायचो. तिरोडीच्या जत्रेत तर एकदा. मुन्शीजींनी पेनाने टेबलावर वाजवले, म्हणून ते राहू देतो.

लोक साठ-सत्तर असतील, बाया त्यात अर्ध्या. काठ्या नव्हत्या. हातात फांद्या होत्या. मी म्हणायचो "खोकला-पडसं!" लोक म्हणायचे "घेऊन जाय गे मारबत!" मी म्हणायचो "माशा-मुरकुटं!" लोक म्हणायचे "घेऊन जाय गे मारबत!" साडेपाचच्या सुमारास आम्ही सेठच्या दुकानासमोर आलो. शटर बंद होते. तिथे मी माझ्याच मनाने म्हटले, "तेलाचा भाव!" हे आधी ठरलेले नव्हते. लोक खूप हसले आणि सगळ्यात मोठ्याने म्हणाले, "घेऊन जाय गे मारबत!" मी दोनदा, तीनदा म्हटले. पौर्णिमा हसता हसता खाली बसली.

मग मी म्हटले, "राजेंद्रसेठ!"

मागचे लोक सवयीने म्हणून गेले, "घेऊन जाय गे" आणि तिथे आवाज तुटला. मारबत हा शब्द पाच-सहा जणांनीच म्हटला असेल.

दुसरा नियम हा आहे. मारबतीला रोग द्यायचा, किडा द्यायचा, पिडा द्यायची. जित्या माणसाचे नाव द्यायचे नाही. ते त्याच्या मरणासारखे आहे. मला हा नियम माहीत होता. लहानपणापासून माहीत आहे. लोक हसत होते आणि मला आणखी हसवायचे होते, याच्यापेक्षा दुसरे कारण माझ्याकडे नाही.

विमलाबाई तोपर्यंत मागे बायांत होती. ती पुढे आली, माझ्या समोर उभी राहिली आणि तिने हात उचलला. पूर्ण वर उचलला. मला वाटले तोंडावर बसते. ती म्हणाली, "जित्या माणसाचं नाव घेतं का रे? लेकरू आहे त्याच्या घरात!" मग तो हात माझ्या पाठीत बसला. मी खाली बघितले. कोणी हसले नाही.

शटरच्या वर जाळी आहे, तिथून घरातले लोक बाहेर बघू शकतात. विमलाबाईचे तोंड माझ्याकडे होते आणि पाठ शटरकडे. ती पुढे, हात वर, आणि तिच्या मागेपुढे सत्तर माणसे. आतून हेच दिसले असणार. सेठना मराठीतला एकच शब्द चांगला येतो, तो म्हणजे घेऊन जा. दिवसभर ते गिऱ्हाइकांना तेच म्हणतात, "घेऊन जा, घेऊन जा, अच्छा माल है." आणि मारबत हा शब्द त्यांनी मार बे असा ऐकला. म्हणून तक्रारीत लिहिले आहे की विमलाबाईने हात वर करून हुकूम दिला, तेल घेऊन जा, मार बे. तक्रार मला मुन्शीजींनी वाचून दाखवली. सेठ खोटे बोललेले नाहीत. त्यांनी जे ऐकले ते सांगितले.

हात खाली आल्यावर एक मिनिटही झाले नसेल, शटर कमरेइतके वर झाले. सेठनी एक तेलाचा पिपा बाहेर सरकवला. मग दुसरा. असे चार. पंधरा लीटरवाले, सीलबंद. आत रीनाभाभी लाटणे घेऊन उभी होती, पोरगी तिच्या पायाला धरून रडत होती. सेठ हात जोडून म्हणाले, "ले जाओ भैया. ले जाओ. बच्ची है घर में."

आम्हाला काहीच समजले नाही. मी खरे लिहितो, सत्तर माणसांतल्या एकाला पण तो माणूस घाबरला आहे असे वाटले नाही. भैयालालबुढ्याने हात जोडले आणि म्हणाला, "देऊन राह्यला मारबतले. घरातली पिडा काढून देऊन राह्यला. घ्या रे, नाही म्हणू नका, पाप लागते." मागून कोणी तरी म्हटले, "सुधरला बापा सेठ!" एका बाईने सेठवरून हात ओवाळून, बोटे मोडून दृष्ट काढली. चार जणांनी चार पिपे खांद्यावर घेतले. सेठनी शटर खाली ओढले. आम्ही त्यांचा जयजयकार पण केला, तो तक्रारीत धमकीच्या घोषणा म्हणून आला आहे.

पिपे नाल्यापलीकडे शिवेवर नेले. मारबत टाकली, फांद्या टाकल्या, चार पिपे बाजूला ओळीने ठेवले. झाकण कोणी उघडले नाही. बोट कोणी बुडवले नाही. बारा दिवस ज्या घरांत तेलाचा थेंब नव्हता त्या घरांतली माणसे साठ लीटर तेल चिखलात ठेवून मागे न बघता घरी आली. सकाळचे सव्वासहा वाजले असतील.

मी आठ वाजता गाव सोडले. आधीच ठरले होते असे मी आत्याला सांगितले. ठरले नव्हते. विमलाबाईने पाठीत मारल्यानंतर मला तिच्यासमोरून जायला बरे वाटत नव्हते. मी एका ट्रॅक्टरवर बसून तिरोडीला गेलो आणि तिथून गाडीने तुमसरला. तुमसरला माझा एक ओळखीचा लग्नाच्या जेवणावळी करतो.

शनिवारी दुपारी एक वाजता आत्याचा फोन आला. ती म्हणाली, "हेमराज, विमलाले चौकीत बसवलं रे." मी विचारले, काहून? ती म्हणाली, "लूट केली म्हणून. लोकायले भडकवलं म्हणून." मी विचारले, मग काकी काय बोलली? आत्या म्हणाली, "साहेबानं विचारलं, कोण ओरडलं पुढून? ती म्हणाली, हौ, मीच ओरडली."

मी विचारले, असे काहून म्हणाली ती.

"तू पावणा आहेस. भावाचं पोरगं आमच्या घरी राह्यलं आणि त्याच्यावर केस झाली तं शालिकरामभाऊ माझ्या दारात येईन का पुन्हा? तिनं माझ्यासाठी केलं."

संध्याकाळी चारला विमलाबाईला घरी सोडले, पण नाव कागदावर राहिले. मला हे सगळे शनिवारीच समजले होते. मी आज सोमवारी आलो. मुन्शीजींनी विचारले, मधले दोन दिवस कुठे होता. तुमसरलाच होतो. शनिवारी संध्याकाळी भांडी घासली, रविवारी एका गणपतीचा मंडप बांधायला गेलो. नागपूरला जायचे का असे पण विचारले होते मला, सीझनभराचे काम होते. परत यायला दोन्ही दिवस गाड्या होत्या.

रविवारी रात्री आत्याचा पुन्हा फोन आला. उद्या शाळा उघडेल, पण विमलाबाईला स्वयंपाकघरात यायचे नाही असा निरोप आला आहे. पोलिसाचा कागद साफ होईपर्यंत समूहाचे काम बंद. गावात दुसरा समूह तयार बसला आहे, त्यांनी आठ दिवस काम केले की ते काम त्यांचेच. विमलाबाईकडे शेती नाही. समूहात सात बाया आहेत, त्या सातही जणींचे तेच आहे. आत्या म्हणाली, "तिनं काही म्हटलं नाही रे तुले सांगा म्हणून. मीच सांगून राह्यली." मी विचारले, ती काय करते आहे आता. आत्या म्हणाली, "बसली आहे. तांदूळ निवडून राह्यली. घरचे बी निवडून झाले, आता माह्ये घेऊन गेली."

आज सकाळच्या गाडीने मी परत आलो. आधी विमलाबाईच्या घरी गेलो. ती म्हणाली, "काहून आला बे? जा तुझ्या रस्त्यानं. माझं होऊन गेलं बोलून." मी म्हटले, काकी, खोटे बोलून होऊन गेले. ती म्हणाली, "तुझं खरं कोण ऐकते? तुले कोणता पत्ता आहे?" मी तिथून सरळ चौकीकडे निघालो. रस्त्यात एका दुकानात मुन्शीजींना द्यायला बिस्किटचा पुडा घेतला होता, तो त्यांनी घेतला नाही, हे पण लिहितो.

पिप्यांबद्दल विचारले म्हणून लिहितो. आज बारा वाजता शिपाई आणि सेठ शिवेवर गेले. चारही पिपे जागेवर होते, सील जसेच्या तसे, त्याचा पंचनामा वेगळा आहे. सेठ म्हणाले, माल मिळाला, आता उचलून न्या. वसंताने हात लावला नाही. म्हणाला, "सेठजी, नोकरी ले लो." दुसरे दोन जण बोलावले, ते बघून पळाले. शेवटी सेठनी स्वतः मोटारसायकलवर दोन खेपा करून चारही पिपे दुकानात आणले आणि बाकीच्या मालात ठेवून दिले. आता त्यातले कोणते मारबतीचे आणि कोणते चांगले, कोणाला माहीत नाही. आज दुपारी सेठनी भाव उतरवला, पाटी लावली, पहिल्यापेक्षा पाच रुपये कमी. मी येताना बघितले. पाटीसमोर भैयालालबुढा उभा होता. म्हणाला, "आता फुकट दिलं तरी कोण घेते?" आता ही तेलबंदी विमलाबाईने म्हटले तरी उठणार नाही. चारही पिपे गावाबाहेरून कटंगीच्या ठोक व्यापाऱ्याला परत करावे आणि नवा माल आणावा, असे मी सेठना या चौकीच्या व्हरांड्यात समजावले. मारबत काय, तेही समजावले. मधल्या बाकावर रीनाभाभी बसली होती. मग सेठनी एकच विचारले, "तो बाई हाथ किस पर उठा रही थी?"

मी सांगितले, माझ्यावर.

त्यांनी विचारले, "क्यों?"

मी सांगितले, मी तुमचे नाव घेतले म्हणून.

रीनाभाभी रडायला लागली. सेठ उठून बाहेर गेले. तक्रार मागे घेतली की नाही हे मला हे लिहीपर्यंत माहीत नाही, आणि मी त्यासाठी थांबून हे लिहीत नाही. त्यांनी घेतली नाही तरी माझा जबाब हाच आहे.

दुकानासमोर पुढून नावे घेणारा आवाज माझा होता. तेलाचा भाव हे मी म्हटले. राजेंद्रसेठ हे पण मी म्हटले, गावाने मला सांगितले नव्हते. विमलाबाई बांते हिने लोकांना काही सांगितले नाही, तिने मला थांबवले. माझ्यावर जे कलम लागत असेल ते लावावे. चौकीची हद्द न विचारता सोडू नको असे मला सांगितले आहे, ते मला समजले. आत्याच्या घरी राहणार आहे. किती दिवस ते मुन्शीजींनी सांगितले नाही.

लिहून झाल्यावर मुन्शी प्रेमलालजींनी याची हिंदी नक्कल केली आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. विमलाबाईला बोलावून घेतले होते, ती खांबाला टेकून उभी होती. नकलेत एका जागी "भीड़ ने सेठ का नाम लिया" असे होते. मी तिथे थांबवले. मुन्शीजी म्हणाले, "सोच ले. भीड़ लिहिलं तर कोणाचंच नाव येत नाही." मी तो शब्द कापायला लावला. त्याच्या जागी "मैंने" लिहिले, बाजूला माझी सही घेतली. बाकी मजकूर मी लिहिला तसाच आहे, ऐकला, समजला, बरोबर आहे.

सही: हेमराज शालिकराम नागपुरे